शेवळांची कृती

शेवळं चिरताना येणाऱ्या उग्र वासाबरोबर मला माझी चूक आठवते. ब्लॉगवर मी या रानभाजीची कृती लिहिली आणि त्यात काकडं घालायची हेच लिहायचं राहिलं. ही आंबट फळं नसतील तर भाजीनं घसा खाजतो. आमच्याकडे हे सगळ्यांनाच ठाऊक, म्हणून मला सुचलं नाही. कृतीसोबत शेणव्याहून शहापूरच्या बाजारात शेवळं विकायला येणाऱ्या मावशीचा फोटो टाकला. मग टोकावड्याचा ढाबा, मुरबाडचं मंगल कार्यालय, अशा चार वेबसाइट बनवायची कामं एकदम अंगावर घेतली आणि वर्षभर ब्लॉग उघडलाच नाही. पुढच्या हंगामात मावशीकडे जुडी मागितली तर ती म्हणाली, "या लेखक, या! तुमी लिवलंत, शिव्या मी खाल्ल्या. फोटो बघून आलेली मानसं घसा धरून परत आली. विष इकते म्हनली. आता गिऱ्हाईक थांबत नाय." "कामं फार होती, मावशी." "नि मना काय काम नाय?" शेजारच्या बायका हसल्या, ती हसली नाही. घरी येऊन कसाबसा पासवर्ड आठवला. फोटोखाली वाचकांच्या प्रतिक्रिया वर्षभर पडून होत्या: या बाईकडून काही घेऊ नका. ब्लॉगवर मी आजही क्वचितच लिहितो, कामं संपत नाहीत. पण तिच्या फोटोवर त्या दिवशी लिहिलेलं कधी काढलं नाही: "काकडं लिहायला मी विसरलो. मावशींची शेवळं चांगलीच होती. तुमची आणि त्याहून जास्त त्यांची, मी माफी मागतो."