आमच्या भिंतीवर मुक्ताबाईंचा कान

देवाचे टाक चिंचेनं घासायला घेतले होते. खंडोबा झाला, बिरोबा झाला. म्हाळसा नि बाणाई अजून काळ्याच होत्या, तेवढ्यात ह्यांची एम-एटी गाडी दारात थांबली. पाबळचं दुकान सोडून हे दुपारचे कधी घरी येत नाहीत. मला वाटलं, काही दुखलं-खुपलं की काय.

"उद्या दौंडला जायचं," चप्पल काढायच्या आधीच म्हणाले. "गार्डसायबांचा निरोप आलाय. त्यांच्याकडं दोन हेडफोन हायती. ऐकून बघा आन् त्यातला एक न्या, म्हणलेत. बापूसाहेबांची जीप हाय. मुक्तावहिनी येणार हायती, ऐकाया."

बाणाईचा टाक माझ्या हातात तसाच राहिला.

ह्यांचं नाव मल्हारी. वहीत लिहायला हरकत नाही, तोंडानं मी घेत नाही. ह्यांचा जन्म भांडगावच्या माळावर, मेंढरांचा तळ पडला होता तिथं. पुढं आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मेंढरं विकून केंदूरला जमीन केली आणि घर बांधलं. ह्यांना शेतीत गोडी नव्हती. दौंडला एका मिस्त्रीच्या हाताखाली मोटार वायंडिंग शिकले. तिथं रेल्वेतले हे गार्डसाहेब ड्यूटी संपल्यावर पंखा दुरुस्तीला घेऊन यायचे. एकदा त्यांनी गळ्यात अडकवलेला हेडफोन ह्यांच्या कानावर चढवला. हे सांगतात, भर दुकानात मिस्त्री हाका मारून मारून थकला, शेवटी त्यानं पक्कड फेकून मारली, तेव्हा ह्यांना कळलं आपण दुकानात आहोत म्हणून.

तेव्हापासून हे वेड. पाबळला स्वतःचं दुकान झालं, पोरंबाळं झाली, वेड गेलं नाही. पुण्याच्या जुन्या बाजारातून, रांजणगावच्या कंपनीतल्या पोरांकडून, भंगारवाल्याच्या पोत्यातून कुठून कुठून मोडके हेडफोन आणतात. पंप जळाल्यावर तांब्याची तार भरायची हाताला सवय, त्यामुळं केसासारखी बारीक तारसुद्धा बरोबर जोडतात. स्पंज फाटलेला असला तर मी जुन्या गादीचा कापून देते. ते माझं काम. आबा म्हणतात, "घोड्याला तोंडात लगाम, ह्याला कानाला."

पूर्वी ज्या भिंतीला घोंगड्या टांगायचो तिथं आता खिळ्यांची रांग आहे आणि खिळ्याखिळ्याला हेडफोन. स्पंजाचे, चामड्याच्या उशा असलेले, टेलिफोन ऑफिसात बायका लावतात तसला एका कानाचा, वळ्यावळ्यांच्या वायरीचा एक जपानी. कुठला चांगला नि कुठला वाईट ते कळायला ह्यांची एकच कॅसेट. भिमाजीआप्पा म्हणजे ह्यांचे मामा, त्यांची ओवी. माळावर रात्रभर चालली होती, तेव्हा ह्यांनी टेप लावून भरून घेतली. आधी सुंबरान म्हणजे देवाचं स्मरण, मग देवाची कथा. ढोल असा की छातीत वाजावा. ढोलामागं झांज. आणि झांजेच्याही मागं, म्हणे, लांब कुठंतरी कोकरू ओरडतं. कोकरू ऐकू आलं तर तो हेडफोन खरा, अशी ह्यांची परीक्षा.

पण हे म्हणतात, आपलाच कान आपल्याला फसवतो. पैसे मोजून आणलेला हेडफोन आपल्याला गोडच लागणार. म्हणून दुसरा माणूस हवा. आधी मलाच बसवायचे. मीही हातातलं काम टाकून बसायचे. एक लावायचे, काढायचे, दुसरा लावायचे.

"सांग, कुठला?"

"सारखेच हायती."

"नीट ऐक. झांज कुठल्यात जास्त हाय?"

"ढोल वाजतोय की. दोन्हीत वाजतोय."

असं पाच-सहा वेळा झालं. मग एकदा मान हलवून म्हणाले, "जाऊ दे सगुणा. तुला कान न्हाई." रागानं नाही म्हणाले. राग असता तर मी भांडले तरी असते. जवारीत खडा निघाल्यावर माणूस बाजूला टाकतो, तसं म्हणाले.

त्यानंतर सुरू झाल्या मुक्ताबाई.

मुक्ताबाई म्हणजे बापूसाहेबांच्या मंडळी. बापूसाहेब सोसायटीचे चेअरमन, बागाईतदार, घरात मोठा डेक, दोन्ही बाजूला माणसाच्या कमरेएवढे स्पीकर. त्यांच्या विहिरीची मोटार भरायला हे गेले आणि डेकपाशीच बसून राहिले. मुक्ताबाईंचं माहेर दौंडचं, रेल्वे क्वार्टरमधलं. लहानपणी पेटी शिकलेल्या. ह्यांनी जपानी हेडफोन नेऊन दाखवला. बाईंनी तो लावला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मल्हारभाऊ, मागं कोकरू ओरडतंय का हो?"

हे घरी आले ते नाचतच. "ऐकलं! वहिनींनी कोकरू ऐकलं! मी सांगितलं बी नव्हतं!"

मी भाकरी थापत होते. भाकरीला भोक पडलं. मेंढरांत जन्म माझा. माझ्या मांडीवर कोकरं निजलेली. आणि कोकरू ऐकलं कुणी, तर पेटी शिकलेल्या बाईनं.

मनात दुसरं काही नव्हतं, ते बिरोबा जाणतो. बापूसाहेब तिथंच खुर्चीत पेपर वाचत असतात, बाई चहा देतात, माझी विचारपूस करतात, वालाच्या शेंगा धाडतात. माणूस म्हणून नाव ठेवायला जागा नाही. तेच मला सलतं. चार लोकांत वाईट असत्या तर मला बरं पडलं असतं.

जेवायला बसले की ह्यांच्या तोंडी तेच. "वहिनी म्हणल्या, हा नाकात गातो." "वहिनी म्हणल्या, ह्यात आवाज कणगीतनं आल्यावाणी येतो." अहो, कणगी तरी माझी आहे ना? त्यांच्याकडं पोत्यांची थप्पी लागते, कणगी त्यांनी कुठं बघितली? पण मी आमटी वाढायचे.

मग भिंतीवरचा क्रम बदलला. वहिनी म्हणतील तो पहिल्या खिळ्यावर, मग दुसरा, मग तिसरा. माझ्याच घरात, माझ्याच भिंतीवर, मुक्ताबाईंच्या कानाची रांग, आणि रोज फडकं मारायचं मी. सकाळी देवासमोर उदबत्ती लावली की पाठीमागं ती भिंत. माळेचे मणी ओढताना ध्यान तिकडं जायचं. देवाला म्हणायचे, बाबा, मला सोनं नको, एकदा मला कान दे. दुसऱ्या क्षणी वाटायचं, काय मागतेय मी, आणि त्यापायी मणी चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून.

तर आज हे म्हणाले, वहिनी येणार आहेत ऐकायला.

मी टाक ताटात ठेवला. "आन् मी?"

"तू काय?"

"गार्डसायबांनी तुम्हाला बोलीवलं. दोघांनी या म्हणले असतील की. मी का नको?"

"आगं ये की मग! जीपमधी जागा हाय. दौंड बघून होईल."

"दौंड बघाया न्हाई. ऐकाया."

हे हसले. हसण्यात लबाडी नव्हती, म्हणून जास्त लागलं. "तुला सगळं सारखंच ऐकू येतं. दोनातनं एक उचलायचा हाय. चुकला तर चुकला. गार्डसायेब पोराकडं चाललेत कायमचे, पुन्हा काय मिळत न्हाई. तितं वहिनीच लागतील."

ओट्यावर आबा घोंगडीवर पडलेले. डोळे मिटलेले, पण कान जागे. माझ्या तोंडून निघून गेलं, "आणा तो जपानी. आत्ता लावा."

"आत्ता? मला दुकानात जायचंय."

"दुकान पळून जात न्हाई. लावा."

ह्यांनी टेप आणला, कॅसेट घातली. चिंचेचे हात धुऊन मी पाटावर बसले. सुंबरान लागणार, देवाचं नाव कानावर पडणार, आणि ओट्यावर सासरे. मी नेहमीसारखा डोक्यावर पदर ओढून घेतला, दोन्ही बाजूंनी नीट खाली घेतला. वरून ह्यांनी हेडफोन चढवला. ढोल वाजला. लांबून, भिंतीपलीकडून वाजावा तसा. आप्पांचा आवाज उशीत तोंड घालून गाणाऱ्यासारखा. झांज नाही. कोकरू नाही. माझे डोळे भरून आले. म्हटलं, खरंच नाही मला कान.

तेवढ्यात आबा हसायला लागले. हसता हसता खोकले, उठून बसले, काठी आपटायला लागले. मी हेडफोन काढला.

"काय झालं आबा?" ह्यांनी विचारलं.

"आरं मल्हारी, तिला ऐकाया लावतोस का लुगडं ऐकाया लावतोस? पदराच्या वरनं लगाम घातलास! दोन पदरी सुती लुगडं, काठ ह्यो येवढा जाड. त्यातनं कोकरू काय, वाघ वरडला तरी ऐकू येईल का तिला?"

हे माझ्याकडं बघत राहिले. मी ह्यांच्याकडं. आजवर किती वेळा मी तशीच बसले, आणि ह्यांचं लक्ष कधी माझ्या डोक्याकडं गेलंच नाही. ह्यांचं लक्ष टेपकडं. हे स्वतः टोपी घालून ऐकतात. टोपीत कान उघडेच असतात.

"मग काय, आबांच्या म्होरं पदर काढू?" मी म्हटलं. "आन् देवाचं नाव उघड्या डोक्यानं ऐकू? मला न्हाई जमायचं."

"कोण म्हणतंय काढ?" आबा म्हणाले. "शेणाची पाटी डोईवर घेतीस तवा काय करतीस? पदर कानामागं खोवतीस का न्हाई? तसा खोव. डोई झाकली, कान मोकळं. माझी आई माळावर ओव्या ऐकाया बसायची ती तशीच बसायची. येवढा शिकलेला मिस्त्री तू, येवढं तुला सुचंना व्हय रं?"

मी पदर कानामागं खोवला. हेडफोनची पट्टी पदरावर बसली आणि उशा कानावर.

काय सांगू. ढोल माझ्या फासळ्यांत वाजला. झांज अशी, की उजवीकडं कुणी बसलंय असं वाटून मी मान वळवली. आप्पांनी श्वास घेतला तो ऐकला. देवाचं नाव घेण्याआधी ते किंचित थांबतात, ते थांबणं ऐकलं. माळावरचा वारा ऐकला. आणि कोकरू ओरडलं. एकदा, मग जरा थांबून पुन्हा.

ह्यांनी दुसरा लावला, चामड्याच्या उशांचा. तो भिंतीवर तिसऱ्या खिळ्यावर असतो. मग टेलिफोनवाला. मग पुन्हा जपानी. मला मनापासून वाटत होतं, मुक्ताबाईंची चूक निघावी. चामडेवाला पहिला असावा, जपानी मागं पडावा. मी शोधत होते. चामडेवाल्यात ढोल मोठा होता, दणकट होता. 'हाच' म्हणायला जीभ टेकली होती. पण कानात सुंबरान चाललेलं. त्यात खोटं कसं बोलू? चामडेवाल्यात ढोल सगळ्यांना खाऊन टाकत होता. आप्पा मागं राहत होते.

"सांग," हे म्हणाले. आवाज बारीक झालेला. "कुठला?"

"जपानी. मग टेलिफोनवाला. मग चामड्याचा."

म्हणजे भिंतीवर आहेत तसेच. खिळ्याला खिळा.

हे उठून उभे राहिले. "म्हंजी वहिनींचा कान बराबर हाय! येकदम बराबर!"

माझ्या अंगाची आग झाली. "वहिनींचा बराबर हाय, मग माझा कुठं गेला?"

"तुझाबी हाय की. दोघींचा येकच निघाला."

"येक न्हाई. त्या त्यांच्या कानानं ऐकतात, मी माझ्या."

"बरं बाई."

"बरं बाई न्हाई. उद्या गार्डसायबांकडं आधी मी ऐकणार. मी आधी सांगणार, मग त्यांनी लावायचा. त्यांनी आधी सांगितलं आन् मी मागनं तेच म्हणलं, तर तुम्ही म्हणणार, सगुणा वहिनींचं ऐकून बोलली."

हे तसंच म्हणणार होते. तोंडावरून दिसलं.

"बापूसाहेबांची जीप हाय," हे म्हणाले. "वहिनी पावण्या. त्यांना मागं कसं ठिवायचं? कसं दिसल ते?"

"जीप त्यांची. कॅसेट आपल्या आप्पांची. देव आपला. स्पंज माझ्या गादीचा."

ओट्यावरून आबा म्हणाले, "मल्हारी, हे सुंबरान न्हाई, हे भांडाण हाय. हो म्हण आन् दुकानात जा. कुनाची मोटार पडली आसंल."

"व्हय," हे म्हणाले. "तू आधी."

"बापूसाहेबांच्या म्होरं सांगाल?"

"सांगीन."

"वहिनींच्या म्होरं?"

ह्यांनी एम-एटीला किक मारली. एकदा, दोनदा. गाडी चालू झाल्यावर तिच्या आवाजाच्या वर आवाज काढून म्हणाले, "सांगीन की!" आणि गेले.

मुक्ताबाई रागावणार नाहीत, हे मला आत्ताच माहीत आहे. हसून म्हणतील, "सगुणाबाई, तुम्ही आधी, तुम्ही आधी," आणि खुर्ची पुढं सरकवतील. ते मला अजून लागेल. लागू दे. पदर कानामागं खोवून मी आधी बसणार, आणि दोनातला जो खरा असेल तोच सांगणार. त्यांनी नंतर दुसरा सांगितला तर काय, हे मात्र ह्यांना विचारायचं राहिलं. दोघींचं वेगळं आलं तर हे कुणाचा उचलतील?

ते उद्या कळेल. जीप सकाळी लवकर निघणार. आत्ता शेजारच्या तानुबाईकडं जाऊन यायचं आहे, उद्या दुपारी आबांना नि पोरांना भाकरी आणि कालवण करून दे म्हणून सांगायला.