दारोदारचा नान

आताशा झूराकानला संध्याकाळ नकोशी व्हायची. दिवसभर गुडघे कसेबसे गप्प असायचे, पण ऊन डोंगराकडे कललं की त्यांना कळायचं, आता चालायचंय. मग ती उंबऱ्यावर बसून रबरी बूट चढवायची, डोक्याला पांढरा रुमाल घट्ट बांधायची, काठी उचलायची आणि विंगेतून निघाल्यासारखी फाटकाबाहेर पडायची. प्रवेश रोजचाच, प्रेक्षकही रोजचेच. दम तेवढा रोज थोडा कमी.

हे चालणं नर्सबाई बुरुलनं मागे लावलं होतं. गेल्या उन्हाळ्यात जाय्लूवर, डोंगरातल्या उन्हाळी कुरणावर, तंबूच्या खुंटीला ठेच लागून झूराकानच्या पायाला जखम झाली. ती पहिला बर्फ पडला तरी भरेना. तपासलं तर रक्तात साखर.

"एजे," थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी बुरुल तिला म्हणाली, "चहातली साखर बंद. रात्रीचं चरबीचं मटण बंद. रोज संध्याकाळी पुलापर्यंत चालून यायचं. साखर उतरली तर यंदा वर जा, नाही उतरली तर घरी बसा. वरती पायाचं काही झालं तर मी काय घोड्यावर बसून येऊ?"

"ये की. घोडा आम्ही देतो."

बुरुलनं वसंतातल्या तपासणीची तारीख कागदावर लिहिली.

हिवाळ्यात एकदा नवरा असानाली खोगिराचा पट्टा शिवता शिवता, मान वर न करता म्हणाला, "तू नाही आलीस तर मीही जात नाही. घोड्या देऊन टाकतो कुणाला तरी. तंबू काय मी एकट्यानं उभारायचा? आणि घोड्यांचं दूध कोण काढणार, माझी आई?"

त्याच्या आईला मातीत जाऊन जमाना झाला होता.

झूराकानचा जन्मच मुळी वरचा, तंबूतला. एकही उन्हाळा तिनं गावात काढला नव्हता. आता तो सगळा डोंगर, घोड्या, धुराचा वास, शेजारच्या तंबूतल्या बायांच्या हाका, सगळं येऊन तिच्या रक्ताच्या एका थेंबावर बसलं होतं.

म्हणून तिनं पथ्य पाळलं. अगदी मनापासून पाळलं. बिनसाखरेचा चहा म्हणजे साथीशिवायचं गाणं, तरी तो घशाखाली उतरवला. घरातली माणसं परातीभोवती बसून मटण-शेवया ओरपत असायची, तेव्हा सून एल्झादा तिच्यापुढे उकडलेला कोबी ठेवायची. झूराकान त्या कोबीकडे बघायची, कोबी तिच्याकडे बघायचा.

आणि वसंतात तपासणी झाली, तर साखर वाढलेली.

"चोरून खाता का, एजे?" बुरुलनं विचारलं.

"मी?"

"मग काय कोबीनं वाढली?"

त्या दिवशी एल्झादानं सासूची पेटी उघडली. गोधड्यांच्या घडीत नातवंडांसाठी ठेवलेली चॉकलेटं निघाली. सुनेनं ती पुरचुंडी उचलून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवली. आयुष्यात कधी कुणाच्या ताटातलं न उचललेल्या बाईला आपल्याच घरात चोर ठरायला आणखी काय लागतं? झूराकान भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी मात्र उठली आणि बूट चढवले.

"आज मी येते, आपा," एल्झादा म्हणाली. सासूला ती आपा, म्हणजे आई, म्हणायची.

"ये. पहारा द्यायला का होईना, सोबत होईल."

दोघी निघाल्या. पहिल्याच फाटकातून हाक आली, "झूराकान एजे, अशाच कशा जाता? नानाला तोंड लावून जा!" एक तरुण बाई ताटलीत नान घेऊन धावत आली. नान ताजा, त्यावर लोणी. झूराकाननं तुकडा मोडला, तोंडात टाकला, आशीर्वाद दिला आणि पुढे निघाली. दुसऱ्या दारात जर्दाळूचा मुरांबा. पुढे बोरसोक, कणकेच्या तळलेल्या गोळ्या, तेलातून नुकत्या काढलेल्या, मूठभर. पुलाच्या अलीकडे कुलुय्पाचं घर. कुलुय्पा तिची शाळेपासूनची मैत्रीण, म्हणजे रोज भांडायचा हक्क असलेली बाई. तिनं बोट बुडेल एवढी साय फासलेला नान पुढे केला. "घे गं. तुझी सून तुला कोबीवर ठेवते म्हणे. शेळी करून टाकली तुझी."

परतीच्या वाटेवर दुसऱ्या बाजूची घरं होतीच.

घराजवळ येईपर्यंत एल्झादा हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं चालत होती. "आपा, तुम्ही हे रोज खाता?"

"काय खाते?"

"हेच! नान, साय, मुरांबा!"

झूराकान थबकली. तिला खरंच कळलं नाही. "अगं, ते खाणं कुठं? ते तर दारावरून जाताना मान ठेवणं झालं. नानाला नाही म्हणून पुढे गेलं तर त्या घराची बरकत मागोमाग निघून येते. एवढंही तुझ्या आईनं शिकवलं नाही?"

"शिकवलंय. पण रक्ताला कुणी शिकवलंय?"

झूराकान काठीवर वाकून उभीच राहिली. हिवाळाभर, गुडघे ओरडत असताना, ती साखर उतरवायला निघत होती आणि दारोदार वेचून घरी आणत होती.

मग दोघींनी ठरवलं, मागच्या पाटाच्या कडेनं चालायचं. तिथे दारं नव्हती. तिथे काहीच नव्हतं. चिखल, परक्यांची कुत्री आणि पाण्याचा एकसुरी आवाज. प्रेक्षक नसलेल्या थिएटरात किती दिवस काम करायचं? काही संध्याकाळी ती गेली. मग एकदा कंबर दुखली, एकदा वारा होता, आणि मग बूट उंबऱ्यापाशी तसेच राहिले.

असानाली ते बूट बघायचा. एकदा गावात येणाऱ्या मेंढपाळाजवळ त्यानं घोड्या कोण घेईल याची चौकशी केली. दार उघडंच होतं. आत झूराकानला सगळं ऐकू गेलं.

दुसऱ्या संध्याकाळी ती मोठ्या रस्त्यानं निघाली. पहिल्या फाटकाशी म्हणाली, "आज नको, पोरी. बरकत तुझ्याकडेच राहू दे." पोरगी गोंधळून बघत राहिली. प्रत्येक दारात हेच. प्रत्येक "नको" पायातल्या बेडीसारखा जड. कुलुय्पाच्या दाराशी पोचेतो ती घामानं भिजली होती.

"नको?" कुलुय्पाच्या हातातली ताटली तशीच राहिली. "माझ्या नानाला नको?"

"साखर आहे गं मला."

"सगळ्या गावाला ठाऊक आहे साखर आहे ते. माझ्या बापाला दमा होता, माझ्या नवऱ्याला मी होते. नानाला कुणी नाही म्हटलं नाही."

"वर जाऊ देणार नाहीत मला, कुलुय्पा. म्हातारा घोड्या देऊन टाकतोय."

कुलुय्पानं फाटक लावून घेतलं. झूराकान परत फिरली. घरी येऊन तिनं बूटही काढले नाहीत, तशीच बसून राहिली. असानालीनं खाली वाकून ते काढले.

दुसऱ्या दिवशी तिला निघायचंच नव्हतं. पण ऊन कललं तेव्हा फाटकाशी काठी आपटली. कुलुय्पा. एका हातात रुमालात बांधलेला नान.

"चल, ऊठ."

"कुठं?"

"पुलापर्यंत. तुझ्यामागे माझी बरकत निघून आलीय म्हणे. तिला मीच परत न्यायला आले." तिनं नानाचा वाटाण्याएवढा कण तोडला, झूराकानच्या ओठांशी धरला. "लाव तोंड. झालं. माझाही मान राहिला, तुझंही रक्त राहिलं. आता चाल."

"आणि बाकीची दारं?"

"त्या दारांना मी आहे ना. माझ्या रक्तात फक्त कजाग स्वभाव निघालाय."

तशा दोघी चालायला लागल्या. हाक आली की झूराकान कण घ्यायची आणि कुलुय्पा उरलेला तुकडा रुमालात टाकून बजावायची, "पुढच्या वेळी ताटली ठेव आणि बूट घाल, चल आमच्याबरोबर!" कुणी घातले, कुणी नाही घातले. बोलायला माणूस मिळालं की गुडघे थोडे कमी बोलतात, एवढंच. रुमालातला नान संध्याकाळी कुलुय्पाच्या कोंबड्या खायच्या, नाहीतर ती स्वतः.

जूनच्या सुरुवातीला साखर उतरली. हवी तेवढी नाही. बुरुलनं कागदावरच्या आकड्याभोवती पेननं गोल काढला. "अर्धाच उन्हाळा," ती म्हणाली. "मधे खाली येऊन तपासून जायचं. पायात रबरी बूट, रोज. आणि घोडीचं दूध वाटीभर, कासंडीभर नाही."

"अर्धा तर अर्धा," झूराकान म्हणाली. तिला फार आनंद झाल्यासारखं दिसलं नाही. ती फक्त खुर्चीत जरा मागे टेकली, खूप दिवसांनी टेकल्यासारखी.

वर पोचले तेव्हा तंबू उभारायला असानालीला दिवस लागला. झूराकाननं दोऱ्या धरल्या, वाकली, पुन्हा वाकली आणि तंबूच्या लोकरी नमद्याच्या गुंडाळीवर बसून राहिली. डोंगर होते तिथेच होते. ती मात्र बरीच खाली आली होती.

ऊन कललं. तिनं बूट चढवले. ओढ्यापलीकडच्या तंबूतून एक अनोळखी तरुण बाई साय भरलेला वाडगा आणि नान घेऊन धावत आली. "आपा, अशाच कशा जाता? तोंड लावून जा!"

झूराकाननं नानाचा कण तोडला, ओठांना लावला, आशीर्वाद दिला. मग वाडग्याकडे, आणि मग त्या बाईच्या पायांकडे बघितलं.

"वाडगा आत ठेव, पोरी," ती म्हणाली. "आणि बूट घाल. त्या खडकापर्यंत जाऊन येऊ. हळू चालते हं मी."