जाऊबाईंची थायरॉइडची गोळी

"सुलभाजी, ये गोली आपको किसने दी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी शेजारी बसलेल्या जाऊबाईंकडे पाहिलं, त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

मल्हारगंजात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. उन्हाळ्यात माझं वजन उतरायला लागलं. गिऱ्हाइकं म्हणायची, "क्या बात है, डाएटिंग?" मीही खूश! पोहे दोन-दोन प्लेट खायचे तरी कपडे ढगळ. मग छाती धडधडायला लागली, हात थरथरायला लागले, सुईत दोरा जाईना. ऐन लग्नसराईत लोकांचे ब्लाउज परत केले आणि दुकानातच रडले. शिवण सुटली तर मी करू काय?

रिपोर्टात थायरॉइड निघालं. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, मलाही तेच आहे. माझीच गोळी घे ना, दवाखान्यात फालतू लाइन कशाला?" आमच्याकडे विरजणापासून औषधापर्यंत सगळं असंच वाटून घेतात. घेतली. धडधड इतकी वाढली की जिना चढवेना, तेव्हा दोघींनी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जेठानीजी का थायरॉइड सुस्त है, आपका दौड़ रहा है. उनकी गोली से और दौड़ेगा."

रिपोर्टातला टीएसएच म्हणजे थायरॉइडला 'काम कर' सांगणारा मेंदूचा निरोप. तो कमी झाला, तरी माझी ग्रंथी हार्मोन ओततच होती. अँटीबॉडीच्या टेस्टनंतर नाव कळलं, ग्रेव्ह्ज डिसीज. रोगाशी लढणारी आपलीच फौज थायरॉइडची बेल दाबून बसते आणि बोट काढत नाही. आता बोला!

एक गोळी, कार्बिमाझोल, हार्मोन कमी करायला, दुसरी थरथर आवरायला. बायांनो, कार्बिमाझोलनं क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून ती घेताना ताप आला किंवा घसा दुखला तर घरगुती काढे करत बसू नका. गोळी थांबवा, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, रक्त तपासा. आणि दुसऱ्याची गोळी? मुळीच नाही.

प्रत्येक तपासणीला जाऊबाई सोबत यायच्या. वेटिंग रूममध्ये माझा हात धरून बसायच्या, "माझंच चुकलं गं." घरी मला कामाला हात लावू देईनात, पूर्वीसारखा आवाज चढवीनात. मला तेच जास्त टोचायचं. सांगितलं, "वहिनी, तुम्ही मायेनं दिलीत, मी आळसानं घेतली. हिसाब बराबर."

हळूहळू हात स्थिरावले. गोळी अजून चालू आहे, आजार उलटूही शकतो, हे मला ठाऊक आहे. पहिला ब्लाउज जाऊबाईंचाच शिवला. आरशासमोर त्या वळल्या, हात वर करून पाहिला आणि भडकल्या, "काय गं हे, काखेत केवढा टाइट केलायस! लक्ष कुठे असतं तुझं?"

देवा, किती बरं वाटलं म्हणून सांगू!