मिस्त्रीमामांचा गंज

“हिला इंग्रजी समदं येतंय, पर तोंडातून शब्द फुटत न्हाई,” मामा पुढच्या खोलीत मामींना सांगत होते. मी मधल्या खोलीत त्यांच्या ऑक्सिजनच्या मशिनच्या बाटलीत पाणी भरत होते. मशिनच्या घरघरीत मला ऐकू येणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. बोलण्यात तक्रार नव्हती. एखादा लोखंडी अँगल सरळ निघाला की ते ज्या आवाजात बोलत, तोच आवाज होता.

टेंभुर्णीत सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. घरापुढेच वेल्डिंगचं दुकान, आणि गावातल्या निम्म्या खिडक्यांचे ग्रिल त्यांच्या हातचे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी चहा यायच्या आधी उठून फाटकावर नख घासायचे आणि घरमालकाला तोंडावर सांगायचे, “वरून रंग हाय, आतून गेलंय.” सोयरिकीच्या बैठकीतही त्यांनी हे केलं होतं, ती गोष्ट सांगताना मामी अजून कपाळाला हात लावतात. गंजलेलं फाटक कुणी नुसतं रंगवायला आणलं, तर मामा ते परत पाठवायचे. आधी खरडायचं, मग गंज धरू नये म्हणून लाल ऑक्साइडचा हात, मग रंग. खरडायला दम लागतो म्हणून लोक टाळतात, असं त्यांचं म्हणणं.

मग साथीचा ताप आला. विषाणू आला आणि गेला, पण फुप्फुसांची सूज राहिली. नाकात नळी आली. नळी पोचेल तेवढंच त्यांचं घर, आणि ती दुकानाच्या शटरच्या दोन पावलं अलीकडे संपायची. तिथे खुर्ची टाकून ते खिडकीच्या गजांमधून रस्ता बघत बसायचे. “माहंच ग्रिल, अन् मीच आत,” एकदा हसून म्हणाले. हसण्याने खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही.

मुलं पुण्यात, मामींचे गुडघे धरलेले. औषधांवरचं इंग्रजी मला वाचता येतं म्हणून मी, त्यांची भाची, महिनाभरासाठी जालन्याहून आले होते. एकाचे सहा महिने झाले. मला जा असं कुणी म्हणत नव्हतं, आणि मी जाते असं मला म्हणता येत नव्हतं.

जालन्याच्या छातीच्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं. विषाणूशी लढताना शरीरच काही जहाल द्रव्यं तयार करतं, आणि ती फुप्फुसाला आतून खातात, लोखंडाला गंजाने खावं तशी. सूज उतरवायला छोट्या पांढऱ्या गोळ्या, स्टेरॉइडच्या. त्या मुख्य, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. जोडीला पाण्यात विरघळणारी एक अँटिऑक्सिडंट, म्हणजे त्या द्रव्यांना अडवणारी गोळी, कफही पातळ करणारी. गंज हा शब्द निघाला आणि मामांना पुढचं काही ऐकू आलं नाही.

रोज सकाळी त्या विरघळणाऱ्या गोळीचा सोहळा असायचा. ग्लास काचेचाच लागायचा. गोळी फसफसायला लागली की ते ग्लास कानाशी नेऊन ऐकायचे. “बघ माय, काम करून राह्यली. ती पांढरी काय करती, कोणाला ठाव?” पांढरीने साखर वाढायची, चिडचिड व्हायची, तोंड सुजायचं. एका गिऱ्हाइकाने खिडकीतून विचारलं होतं, मिस्त्री, सासुरवाडीला जाऊन आले का, लई फुगले. मामा हसले, पण त्या दिवसापासून दाढी करताना आरसा भिंतीकडे फिरवून ठेवायला लागले.

दुपारी ते माझ्याकडून मोबाइलवरचं वाचून घ्यायचे. आवळा, हळद, क जीवनसत्त्व, फुप्फुसाची सूज. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायचे. एका लेखात होतं की अशा औषधांचा कदाचित उपयोग होईल. पण माणसांवर ते अजून नीट सिद्ध झालेलं नाही, नेहमीच्या उपचारांऐवजी घेऊ नये. मामा माझ्याकडे इतक्या आशेने बघत होते की मी ‘कदाचित’ गाळला. पुढचं वाक्य वाचलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून पांढऱ्या गोळ्या खुर्चीखालच्या नटबोल्टच्या डब्यात जायला लागल्या. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. “मामीला बोलायचं न्हाई,” ते म्हणाले. “तुह्यापाशी ठेवलं म्हंजे तिजोरीत ठेवलं.”

त्या तिजोरीत मी दीड महिना होते. बोटाला लावायच्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरत गेला. मामा बोट चोळून पुन्हा लावायचे, मग यंत्राचा सेल गेलाय म्हणायचे. सांगितलं तर त्यांचा विश्वास जाणार होता, आणि खरं म्हणजे मी गाळलेलं वाक्यही बाहेर येणार होतं. रोज सकाळी मी काय बोलायचं ते मनात जुळवायचे. ग्लास फसफसून शांत व्हायचा, आणि मी तो विसळायला घेऊन जायचे.

मामा गेले त्याला आता वर्ष होत आलं. ते पूर्ण बरे होणार नव्हते. पण पांढऱ्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर, शेवटच्या आठ महिन्यांत, छोटं सिलिंडर घेऊन ते दोनदा दुकानात बसले, आणि एका फाटकावर नख घासून ते परतही पाठवलं. मी अखेर खरं बोलले त्यानंतर आठ दिवस त्यांनी माझ्याशी शब्द काढला नाही. नवव्या दिवशी पांढऱ्या गोळ्यांच्या पाकिटातला कागद स्वतःच माझ्यापुढे धरला. “वाच. आता समदं वाच.” अजूनही कुणाला काही वाचून दाखवताना माझं बोट प्रत्येक शब्दाखालून जातं.

मी बोलले ते तपासणीच्या दिवशी. डॉक्टरांनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी लावला आणि गोळ्या चालू आहेत ना, असं विचारलं. “बराबर चालू हायेत,” मामा म्हणाले. डॉक्टरांनी दोन्ही एक्स-रे पुन्हा न्याहाळले. मग मामींकडे वळून हळू आवाजात म्हणाले, इतके दिवस देऊनही औषध लागू पडत नाहीये. आता ते कमी करत बंद करू. यापुढे फार काही करण्यासारखं नाही, घरीच सांभाळा.

मामींनी पदर तोंडाला लावला. मामा माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात राग नव्हता. आपणच लावलेल्या कुलपाकडे बघावं तशी खात्री होती. डॉक्टरांनी पेन उचललं.

“सर, औषध लागू पडलं नाही असं नाही,” मी म्हणाले. “मामांनी ते दीड महिना घेतलंच नाही. आणि त्यांना अर्धंच वाचून दाखवणारी मी आहे.”