निम्मी ज्वारी

साताऱ्याच्या स्टँडवर मला पोचवायला आलेले काका म्हणाले, "सांगली जिल्हा म्हणजे पैसा. ऊस, कारखाने, मोटारी." एसटी कऱ्हाड ओलांडून कृष्णाकाठाला लागली, दोन्ही बाजूंनी ऊस दाटला आणि काकांचं म्हणणं मला पटलं. पैसा जिल्ह्याचा असतो असं तेव्हा मलाही वाटायचं.

आष्ट्याला माझा जुना वर्गमित्र सर्जेराव न्यायला आला होता. काही वर्षं फौजेत काढून तो आता घरचा ऊस बघत होता. जेवायला मटण, वर तुपाची वाटी, आणि आग्रह असा की ताटावर हात आडवा धरायची सोय नाही. सर्जेराव मनाने वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे सांगायला जीभ रेटणार नाही.

सकाळी त्याच्या मोकळ्या रानात मेंढरं दिसली. आटपाडीकडचे धनगर चाऱ्यासाठी नदीकाठी उतरतात आणि इकडचे बागायतदार ती मेंढरं रात्री आपल्या रानात बसवून घेतात. रानाला लेंडीखत मिळतं, त्यावर पुढचा ऊस पोसतो आणि धनगराला ज्वारी मिळते. इथे एका रात्रीला एक पायली (धान्याचं माप) ठरली होती. आठवडाभर मेंढरं बसवून भिवा धनगर आणि त्याची बायको तारा आज निघाले होते. वाघर (मेंढरांभोवतीचं जाळ्याचं कुंपण) गुंडाळून झाली होती.

सर्जेरावाने ज्वारी मापून दिली, ती ठरल्याच्या निम्मी.

"मालक, रातीला पायली ठरली हुती," भिवा म्हणाला.

"व्हय, पर निम्मी कोकरंच हायती की रं. कोकराची कसली लेंडी?"

"कोकरं तवाबी हुतीच की."

"फौजेत आसतास तर आसं उलट बोलला आसतास का?" सर्जेराव हसला. त्याने चहा मागवला, भिवालाही दिला. मी मध्ये पडलो, तर म्हणाला, "तुला ह्यातलं कळत न्हाई गड्या. ह्येंची मेंढरं म्हंजी चालती बँक." रात्रभर अंगणात पंप घरघरत होता, विहीर भरलेली होती, आणि हा माणूस कोकरांच्या लेंड्यांवर घासाघीस करत होता. मला त्याची किळस आली.

मी कामानिमित्त पुढे आटपाडीला जाणार हे भिवाच्या कानावर गेलं होतं. बांधावर गाठून तो म्हणाला, "आवं पाव्हणं, म्हातारी एकलीच हाय घरला. आखाडाबगार (आषाढ लागल्याशिवाय) आमाला परत जायाचं जमायचं न्हाई. एवढं पोचवशीला का?" त्याने सगळी ज्वारी पिशवीत भरली. ताराने स्वतःच्या गाठोड्यातल्या आणखी दोन ओंजळी वर घातल्या. "आमास्नी दूध हाय," ती म्हणाली.

सांगलीला एसटी बदलली. तासगावपर्यंत हिरवं होतं. विटा मागे पडलं आणि मग कुसळं, बाभळी, कोरडे ओढे. दुष्काळ सरला असं वर्तमानपत्रांत छापून आलं होतं, ते इकडे कुणी वाचलेलं दिसलं नाही. हाच तो पैशाचा सांगली जिल्हा, आणि अजून त्याच एसटीत बसलेलो मी.

आटपाडीजवळच्या वाडीत भिवाची आई दारातच भेटली. पिशवी हातात घेताच तिने वजन ओळखलं.

"किती राती बसवली मेंढरं?"

"आठवडाभर."

"आन् एवढीच?" तिचा चेहरा उतरला. "निम्मी तारीच्या म्हायाराला गेली म्हना की."

मी घाईघाईने खरं काय घडलं ते सांगितलं. मालकाने निम्मी ठेवून घेतली, उलट तारानेच आपल्यातली वर घातली.

म्हातारीने मान हलवली. "आवं, येवढा मोठा बागायतदार. त्येला काय कमी हाय, त्यो आमची ज्वारी ठिवून घील? तिनंच तुमाला आसं सांगाया लावलं. येऊ द्या आखाडात घरला, बघते तिच्याकडं."

परोपरीने सांगून पाहिलं. ती ऐकेना. आणि निघताना तिने खुंटीवरचं नवं घोंगडं काढून माझ्या हातात दिलं. "मालकाला द्या. माज्या लेकाला धान्य देतो, लय मोठ्या मनाचा मानूस."

परतताना आष्ट्याला उतरलो, घोंगडं दिलं आणि सगळं सांगितलं. लाज वाटेल अशी माझी वेडी आशा होती. सर्जेराव मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "बघ, म्हातारीला कळतंय ते तुला कळत न्हाई." घोंगडं हाताने चाचपून त्याने ते ट्रॅक्टरच्या सीटवर टाकलं. "सीट लय तापतीया," तो म्हणाला. मला जेवून जा म्हणाला. मी जेवलो नाही, एवढंच माझ्याकडून झालं.

साताऱ्याला काकांनी विचारलं, "पाहिलास ना पैसा?" पाहिला, म्हणालो.

आता आखाड लागलाय, मेंढरं पूर्वेकडे परतताना दिसतात. तारा घरी पोचली असेल. सासू दारात उभी असेल. आणि आपल्यावर कसला आळ आलाय हेदेखील तिला ठाऊक नसेल.