महांतेशचे फलाट

केजच्या बसस्थानकासमोर महांतेश जीपमध्ये माणसं भरतो. कपाळावर विभूती, तोंडात मावा. ‘धारूर, माजलगाव’ ओरडून झालं की त्याचं दुसरं काम सुरू होतं, आणि तो ओळखला जातो ते त्यासाठीच. लग्न ठरलेली मुलगी दिसली की तो म्हणतो, ‘फलाटाला लागली.’ नवऱ्याने टाकलेली बाई म्हणजे ‘बंद फलाट’. विधवा ‘रिकामा फलाट’. जिच्याविषयी वावगं काहीच माहीत नाही, पण जी गिऱ्हाइकांशी हसून बोलते, ती ‘हर गाडीचा फलाट’. जीपवाले हे शब्द बीडपर्यंत नेतात. तिथे क्लासची पोरं ते वापरतात आणि स्वतःला हुशार समजतात.

उज्ज्वला आत फलाटावर सीताफळं विकते. तिचा नवरा सिदू मेंढरं राखायचा. रानात साप चावून तो गेला. यंदा तिला माजलगावच्या एका बिजवराचं स्थळ आलं. तिच्या मुलीलाही सांभाळायला तो तयार होता. असं स्थळ पुन्हा येणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

इकडे सोयरिकीची चौकशी करणारा आधी घरी जात नाही. तो स्टँडवर चहा घेतो आणि जीपवाल्याला विचारतो. कोण कुठे जातं-येतं ते त्यालाच माहीत, असा समज आहे. बिजवराचे चुलते त्रिंबक तसेच आले. महांतेशला ते उतारू वाटले.

“ती सीताफळवाली बाई कशी हाय ओ?”

“ती? हर गाडीचा फलाट हाय, मामा. तुमी बी लावा गाडी.”

शेजारचा जीपवाला नाथा पोट धरून हसला. त्रिंबक अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेले. संध्याकाळी नकाराचा फोन आला. कारणही सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वला सरळ जीपपाशी आली.

“महांतेशअप्पा, मला कुणाबरोबर पाह्यलं तुमी?”

“न्हाई पाह्यलं. गंमत केलती गं. ते पाहुणे हायेत, हे मला काय ठाव?”

“पाहुणे नसते तर चाललं असतं?”

तो पचकन थुंकला.

“चला माजलगावला. खोटं बोललो म्हणून सांगा.”

“लई घाई हाय बघ आज. जीप भरायचीय.”

“मग इथूनच सांगा.” तिने त्रिंबकांना फोन लावून मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला.

पलीकडून ‘कोण बोलतंय?’ असं दोनदा ऐकू आलं. जीपमधले उतारू बघत होते. ‘मी खोटं बोललो’ एवढंच म्हणायचं होतं. फार तर चारचौघांत त्याचं हसं झालं असतं. त्याने मान वळवली आणि ‘धारूर, माजलगाव’ ओरडायला सुरुवात केली.

फोन बंद झाला. उज्ज्वला सीताफळांच्या पाटीकडे परत गेली.

“आता कंची गाडी लागतीय तिथं!” नाथा म्हणाला.

महांतेशने त्याला टाळी दिली.