शुद्धीतला कार्यक्रम

गिटारी दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला गल्लीत सगळे ताईच म्हणत. धाकट्या भावाने रंगमंचावर फोडलेल्या गिटारी जोडायच्या, हाच तिचा अर्धा धंदा. भाऊ पावडर ओढून वाजवायला बसायचा आणि शेवटी वाद्य आपटून त्याचे तुकडे करायचा. लोक म्हणत, ही कला नशेतूनच येते. जाणकार म्हणवणारे तर त्यावर पानंच्या पानं खरडत. ऐकून ताईचं डोकं फिरायचं. त्याच्या बोटांना वळण तिने लावलं होतं, पावडरीने नव्हे.

भावाचा पार सापळा झाला, तेव्हा तिने त्याला दुकानामागच्या खोलीत कोंडलं. त्याने लाथांनी दार फोडलं, तिच्या दंडाचा लचका तोडला, आईवरून शिव्या घातल्या. आई दोघांची एकच, याचंही भान नव्हतं. तिने दंडाला फडकं गुंडाळलं आणि दाराला नव्या फळ्या ठोकल्या. हळूहळू तो जेवू लागला. मग एके सकाळी "ताई, गिटार दे ना" म्हणाला आणि ती हमसून हमसून रडली.

त्यानंतरच्या पहिल्या कार्यक्रमात तो शुद्धीत वाजवत होता, आणि असा की ताईच्या अंगावर काटा आला. पण गर्दीला तमाशा हवा होता. "फोड! फोड!" सुरू झालं. तो हसून वाजवत राहिला, तशी एक बाटली येऊन त्याच्या कपाळावर फुटली.

रंगमंचामागच्या खोलीत ताई त्याचं रक्त पुसत होती, तोच कार्यक्रमाचा मालक पुडी घेऊन आला.

"घे बाबा, आणि नेहमीसारखा हो. लोक खुर्च्या मोडतायत."

"पुडी खिशात ठेवा," ताई म्हणाली. "तो सुटलाय त्यातून."

"बाई, तुम्ही लाकूडकाम बघा. कलेतलं तुम्हाला काय कळतंय?"

ताईने भिंतीला टेकवलेली गिटार दांड्याला धरून उचलली आणि मालकाच्या थोबाडावर हाणली. जबडा मोडला. तो कोसळला, तरी ती हाणतच राहिली. पुडी फुटून पावडर फरशीवरच्या रक्तात सांडली.

"चल, घरी जाऊ," धापा टाकत ती वळली.

भाऊ मालकाच्या तोंडाशी ओणवा होऊन फरशी चाटत होता. तिने केस धरून ओढलं, तर त्याने कोपराने तिचं नाक फोडलं. मग तोंड पुसून, दुसरी गिटार उचलून तो बाहेर गेला.

तो भिकार वाजवत होता. तारा उतरल्यात, हेही त्याला कळत नव्हतं. गर्दीने मात्र सभागृह डोक्यावर घेतलं.